इंजिनाचे गोत्र

लग्नाचे बोलणे निघाले, की मुलाच्या स्वभावाआधी त्याचे गोत्र विचारणारे एक काका प्रत्येक घरात असतात. मोटारींच्या जगातही असे काका आहेत. एखाद्या जुन्या, छोट्या स्पोर्ट्स कारमध्ये कोणी परक्या जातीचे इंजिन बसवले, की यांना विटाळ होतो. ‘गाडी बाटली!’ म्हणून ते कपाळाला हात लावतात. माणसांतले सोवळेओवळे जाता जाता आता ते मोटारीला येऊन चिकटले काय? आमचे म्हणणे एवढेच, की इंजिनाचे गोत्र विचारू नका. त्याचे वजन विचारा!

पुरावा इंग्लंडातल्या अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यातच आहे. १९६२ साली तेथून एम.जी.बी. नावाची देखणी, छोटी गाडी बाहेर पडली. इंजिन चार सिलिंडरांचे, ओतीव लोखंडाचे, १,७९८ सी.सी.चे. पुढे गिऱ्हाइकांना अधिक जोर हवासा झाला. तेव्हा १९६७ साली कंपनीने आपल्याच घराण्यातले सहा सिलिंडरांचे इंजिन तिच्यात बसवले आणि नाव ठेवले एम.जी.सी. सोयरीक अगदी नात्यातली! पण हे घरचे इंजिन आधीच्यापेक्षा सुमारे ९५ किलोंनी जड. पुढच्या चाकांवर जणू एक धष्टपुष्ट पाहुणा कायमचा आणून बसवला. गाडीचे नाक जड झाले. वळणावर ती बाहेर ओढू लागली. परीक्षकांनी नाके मुरडली आणि १९६९ साली हा संसार आटोपला.

आता परक्याची कथा ऐका. अमेरिकेतल्या जनरल मोटर्सने १९६१ च्या ब्यूक गाडीसाठी अ‍ॅल्युमिनियमचे आठ सिलिंडरांचे इंजिन काढले आणि थोड्याच वर्षांत टाकून दिले. त्याचे हक्क १९६५ साली ब्रिटनच्या रोव्हर कंपनीने घेतले. केन कॉस्टेलो नावाच्या इंग्रज शर्यतपटूने ते एम.जी.बी.मध्ये बसवून दाखवले. आकार ३,५२८ सी.सी., म्हणजे जवळजवळ दुप्पट. वजन मात्र जुन्या लोखंडी इंजिनाच्या आसपासच! मग कारखान्यालाही शहाणपण सुचले आणि १९७३ साली त्याने स्वतःच तशी गाडी काढली. काका म्हणतील, ‘तीन वर्षांत २,५९१ च तर निघाल्या!’ खरे आहे. पण गाडी महाग होती आणि त्याच साली जगावर तेलसंकट कोसळले. त्यात इंजिनाच्या कुळाचा काय दोष?

कुळाभिमानाने गाडीचा जीव कसा जातो, तेही पाहा. इंग्लंडच्या रूट्स कंपनीने १९६४ साली आपल्या सनबीम अल्पाइनमध्ये फोर्डचे आठ सिलिंडरांचे इंजिन बसवले आणि तिला ‘टायगर’ म्हटले. जागा इतकी अपुरी, की एक स्पार्क प्लग काढायला बसायच्या बाजूने पत्र्यातल्या भोकातून हात घालावा लागे. तरी वाघ धावला! पुढे रूट्स क्राइस्लरच्या ताब्यात गेली. प्रतिस्पर्ध्याचे इंजिन आपल्या घरात कसे चालावे? क्राइस्लरचे स्वतःचे इंजिन त्या जागेत मावेना आणि १९६७ साली टायगर बंद पडली. धन्य तो अभिमान!

म्हणून वाटेल ते इंजिन वाटेल तेथे कोंबावे, असे आम्ही म्हणत नाही. ए.सी. कोब्राला १९६५ साली सात लिटरचे इंजिन दिले, तेव्हा तिचा सांगाडा नव्याने घडवावा लागला. नळ्या जाड केल्या, स्प्रिंगा बदलल्या. जो गृहस्थ दुप्पट ताकदीचे इंजिन बसवतो आणि ब्रेक जुनेच ठेवतो, त्याच्यापुढे आम्हीही काकांच्याच बाजूला उभे राहू. रस्त्यावर दुसऱ्यांचीही मुलेबाळे असतात.

आज हे भांडण नव्या रूपात आले आहे. जुन्या स्पोर्ट्स कारमध्ये आता विजेची मोटर बसते. फिवा ही ऐतिहासिक वाहनांची आंतरराष्ट्रीय संघटना म्हणते, की अशी गाडी ऐतिहासिक राहत नाही. बदल करायचाच तर परत फिरवता येईल असा करा आणि जुने भाग जपून ठेवा. आम्हाला हे मान्य आहे. कोरीपाची मूळ गाडी असेल, तर तिला हातही लावू नये. पण जिचे इंजिन केव्हाच निकामी झाले आणि जी छपराखाली गंजत पडली आहे, तिचे काय? तिला इतिहास म्हणून कुजू द्यायचे, की जुने इंजिन तेल लावून पेटीत ठेवायचे आणि तिला पुन्हा रस्त्यावर आणायचे?

येथेही कसोटी तीच. बॅटरीचे वजन किती, पुढे किती, मागे किती, आणि ब्रेक ते पेलतील का? उत्तर नीट आले, तर काकांनी खुशाल अक्षता टाकाव्यात. आणि मन मानत नसेल, तर एकदा शेजारी बसून घाटातून चक्कर मारून यावे. वळणावर गाडी कोणाचेही गोत्र विचारत नाही.