माहितीचा लाभ आणि तिची जोखीम

भाव ज्यास आधीं कळतो त्याचा व्यापारांत वरचष्मा असतो, हें तत्त्व संगणकाहून पुष्कळ जुनें आहे. आमच्या वाशीम जिल्ह्यांतील कारंजा येथें १८८६ सालीं हैदराबाद रेसिडेन्सीच्या हुकुमान्वयें कापसाचा बाजार नियमांखालीं आणला गेला. देशांतील पहिला नियंत्रित बाजार म्हणून त्याची गणना होते. मँचेस्टरच्या गिरण्यांस निर्भेळ कापूस वाजवी दरानें मिळावा, ही सरकारची निकड त्यामागें होती. तथापि नियंत्रित बाजाराच्या कल्पनेपासून शेतकऱ्याचाही लाभ झाला. रुमालाखालीं बोटें दाबून ठरणारा सौदा मागें पडून कालांतरानें उघड लिलावाची रीत रूढ झाली.

१४ एप्रिल २०१६ रोजीं सुरू झालेला ‘ई-नाम’ बाजार हें त्याच वाटेवरील पुढचें पाऊल होय. सोयाबीनचा व तुरीचा भाव आतां खळ्यावर बसूनही मोबाईलवर पाहतां येतो. हें इष्टच आहे. परंतु प्रतिस्पर्ध्यावर मात करण्याच्या ईर्ष्येनें जेव्हां व्यापारी व संस्था आपला सर्व व्यवहार यंत्रणेवर सोंपवितात, तेव्हां लाभाचा हिशेब होतो, जोखमीचा मात्र राहून जातो. यास आमचा आक्षेप आहे.

पहिली जोखीम अशी कीं, मिळविलेली आघाडी टिकत नाहीं. १८५० सालीं रॉयटर यानें आखन व ब्रुसेल्स यांच्यामधील तुटक तारमार्ग कबुतरांनीं सांधून बाजारभाव सर्वांआधीं पोंचविले. तार जोडली जातांच कबुतरांचें काम संपलें. दुसरी जोखीम चोरीची. ऑगस्ट २०१८ मध्यें पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेच्या यंत्रणेंत शिरून चोरट्यांनीं सुमारें ९४ कोटी रुपये लांबविले. तिसरी जोखीम परावलंबनाची. जून २०१७ मध्यें ‘नॉटपेट्या’ या विघातक प्रणालीनें मर्स्क कंपनीचे संगणक बंद पाडले, तेव्हां न्हावा-शेवा बंदरांतील तिच्या धक्क्यावरील मालाची चढउतार खोळंबली. शत्रूचा रोख युक्रेनवर होता. फटका आपल्या किनाऱ्यासही बसला.

म्हणून कोणतीही यंत्रणा पत्करण्यापूर्वीं तीन प्रश्न विचारावे, असें आमचें मत आहे. ती आठवडाभर बंद पडल्यास आपलें काम चालेल काय? तिच्यांतील माहिती परक्याच्या हातीं गेल्यास किती हानि होईल, आणि तसें घडण्याचा संभव किती? शेजाऱ्यानेंही तीच घेतल्यास आपणांपाशीं अधिक असें काय उरेल? उत्तरें समाधानकारक नसतील, तर आधीं तजवीज करावी, मग यंत्रणा घ्यावी.

विद्यार्थीमित्रांनो, पुष्कळ घरांत मोबाईल वडिलांचा असतो, पण तो वाचतां तुम्ही. त्यांच्या वर्षभराच्या कष्टाचा पैसा त्यांतून जातो, हें ध्यानांत ठेवा. गुप्त अंक कोणासही सांगूं नका. मालाची विक्रीपट्टी कागदावर मागून घ्या व जपून ठेवा. एकाच भावावर विसंबून न राहतां दुसऱ्या बाजाराचा भावही पहा, आणि जें पाहिलें तें वडिलांस समजावून सांगा. निर्णय मात्र त्यांचा त्यांस करूं द्या.