नव्या गावातला फोटोवाला

नाशिकहून बदली होऊन इंदूरला आलेल्या एका कुटुंबात सासूबाईंच्या सहस्रचंद्रदर्शनाचा बेत ठरला. गुरुजी मिळाले, आचारी मिळाला, हॉलही मिळाला. गाडं अडलं ते फोटोवाल्यापाशी. सुनेनं मोबाइलवर दहा-बारा जणांचं काम पाहिलं. जिकडेतिकडे नवरा-नवरी, रंगीत धूर आणि वाऱ्यावर उडणारी ओढणी!

''मला काही उडवायचं नाहीये गं,'' सासूबाई म्हणाल्या. ''ह्यांचा फोटो कचेरीच्या ओळखपत्रावरचा मोठा करून लावावा लागला. तसं माझं करू नका म्हणजे झालं.''

जुन्या गावात फोटोवाला घरचाच असतो. मुंज, बारसं सगळं त्यानंच काढलेलं. नव्या गावात मात्र जाहिरातींवर विसंबावं लागतं आणि जाहिरातीत प्रत्येक जण आपले निवडक फोटोच दाखवणार. त्यापेक्षा कलर लॅब किंवा फ्रेम करून देणाऱ्याचं दुकान गाठावं. कोणाचं काम स्वच्छ असतं, कोण वेळेवर अल्बम देतो, कोणाची गिऱ्हाइकांशी भांडणं होतात, ते त्यांना बरोबर ठाऊक असतं. शेजारी नुकतंच कार्य झालं असेल, तर अख्खा अल्बम मागून पाहावा. पहिली चार पानं कोणाचीही छान असतात. पंगतीतल्या आजी-आजोबांचे फोटो कसे आलेत, ते पाहावं.

या सुनेला असाच घरामागच्या गल्लीतला एक छोटा स्टुडिओ कळला. लगेच काम न देता पासपोर्ट आकाराच्या फोटोचं निमित्त काढून ती सासूबाईंना तिथं घेऊन गेली. त्यानं आधी खुर्ची दिली, पाणी दिलं, गुडघ्यांची चौकशी केली. चष्म्यावर दिवा चमकत होता. ''चष्मा काढा'' असं न म्हणता त्यानं काड्या कानांवर किंचित उचलल्या. काचा खाली झुकल्या आणि चमक गेली. सुनेनं तिथंच ठरवलं.

समारंभाचे फोटो हॉलमध्ये होणारच होते. त्याखेरीज सासूबाईंना अहिल्याबाईंचं महेश्वर हवं होतं. कोणी मांडूही सुचवलं. पावसाळ्यात मांडू हिरवंगार दिसतं खरं, पण तिथं चढउतार फार. महेश्वरचा घाट नर्मदेच्या उत्तर तीरावर, दक्षिणेकडे तोंड करून आहे. त्यामुळे हिवाळ्यातलं कलतं ऊन समोरून किंवा बाजूनं चेहऱ्यावर येतं. भर दुपार टाळावी. डोळ्यांखाली काळ्या सावल्या पडतात. सून एका रविवारी आधीच जाऊन आली. गाडी कुठवर जाते, पायऱ्या किती, बसायला सावली कुठं, स्वच्छतागृह कुठं, हे सगळं पाहून आली. (नवऱ्याला हे ''अति'' वाटलं होतं.)

पुरातत्त्व खात्यानं २०१८ साली आपल्या बहुतेक स्मारकांच्या आवारात फोटो काढायची मोकळीक दिली. ताजमहालची मुख्य कबर आणि अजिंठ्याची लेणी यांसारखे अपवाद तेवढे ठेवले. पण हातातला कॅमेरा वेगळा आणि तिपाई, मोठे दिवे घेऊन केलेलं चित्रीकरण वेगळं. त्यासाठी आधीच परवानगी विचारून ठेवावी, नाहीतर दारातून परत फिरावं लागतं.

पैशांचं बोलणं कागदावर असावं. किती तास, किती फोटो, अल्बम कधी, मूळ फाइल्स मिळणार की नाही, सारं लिहून घ्यावं. आणखी एक गोष्ट फारशी कोणाला माहीत नसते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार, वेगळा करार नसेल तर पैसे देऊन काढवून घेतलेल्या फोटोचा पहिला हक्क काढवून घेणाऱ्याचा असतो. तेव्हा आपले फोटो त्यानं जाहिरातीत वापरायचे की नाहीत, तेही आधीच बोलून घ्यावं.

महेश्वरला घाटावर चाळीसएक फोटो निघाले. भिंतीवर लागला तो मात्र परतीच्या वाटेवरचा. टपरीपाशी सासूबाई बशीत चहा ओतून फुंकर घालताहेत.

''पदर तरी सारखा करू द्यायचात,'' त्या अजून कुरकुरतात. पाहुणे आले, की त्या फोटोखालच्याच खुर्चीत बसतात.