चमचाभर मिठाचं इंजिनीअरिंग

बारावीनंतर बायोला रामराम ठोकलेले आपण! ‘बायो म्हणजे नुसतं पाठांतर’ हे आपलं ठरलेलं वाक्य. मला ते अजिबात पटत नाही. पेशी हे अस्सल मशीन आहे आणि तिचं गेट कसं उघडतं हे आपल्याला कळायलाच हवं.

हॉस्टेलवर कुणाला जुलाब लागले की आपण काय देतो? कोल्ड्रिंक! आता आत काय होतं बघा. आतड्याच्या पेशींच्या आवरणात एक प्रोटीन असतं. ते ग्लुकोजचा एक रेणू आणि सोडियमचे दोन आयन जोडीनेच आत घेतं. मागोमाग पाणी शिरतं. कॉलऱ्यातही हे गेट चालू राहतं. साखर फार झाली तर ऑस्मॉसिसने पाणी उलट आतड्यात ओढलं जातं आणि जुलाब वाढतात.

१९७१ मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावला बांगलादेशी निर्वासितांत कॉलरा पसरला. सलाइन संपत आलं. डॉ. दिलीप महालनोबिस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा घातलेलं पाणी ड्रममध्ये भरून नातेवाइकांनाच पाजायला सांगितलं. मृत्यूंचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आलं. याला इंजिनीअरिंग म्हणायचं नाही तर कशाला?

तेव्हा मित्रांनो, ओआरएसचं पाकीट रूमवर ठेवाच. नसेल तर १ लिटर स्वच्छ पाणी, ६ सपाट चहाचे चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. व्हायव्हात कुणी विचारणार नाही, पण रूममेटला नक्की उपयोगी पडेल!