टिप्सचे ग्रुप, बुडालेले पैसे आणि आपले अर्थभान



आपल्या तरुणांच्या मोबाईलमध्ये किती ग्रुप आहेत ते एकदा मोजून पाहा. स्पर्धा परीक्षेचा एक, जयंती मंडळाचा एक, विहाराचा एक, भावकीचा एक. गेल्या काही वर्षांत त्यात शेअर बाजाराच्या टिप्स देणाऱ्या ग्रुपची भर पडली आहे. सकाळी सव्वानऊला बाजार उघडला की तिथे 'हे घ्या, ते विका' सुरू होते. संध्याकाळी नफ्याचे स्क्रीनशॉट येतात. तोट्याचा स्क्रीनशॉट मात्र कुणी टाकत नाही.

तो तोटा सेबीच्या अहवालात दिसतो. सप्टेंबर 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार 2021-22 ते 2023-24 या तीन वर्षांत फ्युचर्स आणि ऑप्शन्समध्ये व्यवहार करणाऱ्या एक कोटीहून अधिक वैयक्तिक ट्रेडरपैकी 93 टक्के लोकांनी पैसे गमावले. सरासरी तोटा माणशी सुमारे 2 लाख रुपये आणि एकूण तोटा 1.8 लाख कोटींहून अधिक. 2023-24 मध्ये यातले 43 टक्के ट्रेडर तिशीच्या आतले होते. तीनचतुर्थांशाहून जास्त लोकांनी आपले वार्षिक उत्पन्न 5 लाखांपेक्षा कमी सांगितले होते. पुढच्या वर्षीही, म्हणजे 2024-25 मध्ये, 91 टक्के लोक तोट्यातच राहिले.

मग हा पैसा गेला कुठे? ऑप्शन हा दोघांमधला करार असतो. एकाचा नफा तोच दुसऱ्याचा तोटा. त्यात ब्रोकरेज आणि कर वजा होतात, म्हणजे सगळ्यांचा हिशेब मिळून उणेच निघतो. 2023-24 मध्ये समोरच्या बाजूला असलेल्या मोठ्या ट्रेडिंग संस्थांनी सुमारे 33 हजार कोटी आणि परदेशी गुंतवणूकदारांनी सुमारे 28 हजार कोटींचा ढोबळ नफा कमावला. त्यातला जवळजवळ सगळा नफा संगणकाने आपोआप केलेल्या सौद्यांतून आला. खोलीवर बसून मोबाईलवर बोट फिरवणारा आपला पोरगा या यंत्रांशी लढत असतो. ही गुंतवणूक नव्हे, जुगार आहे.

तरीही तो तिकडे का वळतो, हे समजून घेतले पाहिजे. भरती रखडते, निघाली तर कंत्राटी निघते, परीक्षेत चार-पाच वर्षे जातात. जमीन नाही, दुकान नाही, वडिलांची ओळख नाही. अशा वेळी पाच हजारांत सुरू होणारा धंदा हा एकच उघडा दरवाजा वाटतो. ज्याच्या घरी तीन पिढ्यांची मालमत्ता आहे त्याचे 2 लाख बुडाले तर तो हळहळतो. आपल्याकडे 2 लाख बुडतात तेव्हा बहिणीचे शिक्षण थांबते, आईचा दागिना जातो.

म्हणून शेअर बाजाराकडे पाठ फिरवायची का? मुळीच नाही. परदेशातून शिकून आल्यावर बाबासाहेबांनी मुंबईत शेअर्सविषयी सल्ला देणारी फर्म काढली होती. सल्लागार अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाईक येईनासे झाले आणि ती बंद पडली. पुढे 1923 मध्ये त्यांचा रुपयाच्या प्रश्नावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि 1925 मध्ये त्यांनी चलनविषयक रॉयल कमिशनपुढे साक्ष दिली. रुपयाची किंमत बदलली की कुणाला फायदा होतो आणि कुणाच्या ताटातली भाकरी कमी होते, हे ते विचारत होते. आपण जयंतीला त्यांना अर्थतज्ज्ञ म्हणतो, पण अर्थविषयक बातमी आली की स्क्रोल करून पुढे जातो.

बातमी वाचायची कशी, याची दोन उदाहरणे घेऊ. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी ते जून 2025 या काळात रेपो दर 6.50 वरून 5.50 टक्क्यांवर आणला. बातम्यांत 'कर्ज स्वस्त' असे मथळे आले. बदलत्या व्याजदराचे गृहकर्ज असलेल्यांना फायदा झाला, हे खरे. पण बचत गटातल्या मावशीच्या मायक्रोफायनान्सच्या हप्त्याला रेपो दर थेट जोडलेला नसतो. आणि निवृत्त सफाई कामगाराच्या मुदत ठेवीवरचे व्याज मात्र कमी होते. बातमी एकच, पण तीन घरांत तिचे तीन अर्थ.

दुसरे उदाहरण अर्थसंकल्पाचे. त्या दिवशी चर्चा होते ती आयकराची आणि सेन्सेक्सची. आपण केंद्रीय अर्थसंकल्पातले 10ए हे विवरणपत्र उघडले पाहिजे. अनुसूचित जातींसाठीची तरतूद तिथे असते. अंदाज किती होता, सुधारित आकडा किती, प्रत्यक्ष खर्च किती, हे तीन आकडे शेजारी ठेवा. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत केंद्राचा वाटा 60 टक्के आणि राज्याचा 40 टक्के आहे, हे माहीत असले की शिष्यवृत्ती अडकल्यावर जाब कुणाला विचारायचा ते कळते. निवेदनात 'निधी द्या' म्हणणे वेगळे आणि 'मंजूर झालेला अमुक निधी खर्च का झाला नाही' असे विचारणे वेगळे.

यासाठी अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. आपल्यातला जो कुणी लिहितो, बोलतो, ग्रुप चालवतो, त्याने आठवड्यातून एक आर्थिक बातमी मूळ कागदासह समजावून सांगावी. विहारात रविवारी अर्धा तास त्यासाठी ठेवावा. आणि टिप्स देणारा कुणी ग्रुपमध्ये आला तर त्याला दोन प्रश्न विचारावेत: तुझा सेबीचा नोंदणी क्रमांक काय? आणि तुझे स्वतःचे वर्षभराचे नफा-तोटा पत्रक कुठे आहे?

ज्याचे पैसे बुडाले आहेत त्याला हसू नका. त्याला जवळ बसवून त्याचा हिशेब मांडून घ्या. शरमेपोटी तो गप्प राहिला तर उद्या दुसरा त्याच ग्रुपमध्ये जाईल.