चकाकते ते जुने नसते

परवा अकोल्याहून भाचा आला. चहाचा कप खाली ठेवायच्या आत त्याने मोबाईल माझ्यापुढे धरला. "मामाजी, हे पाहा. इंग्रजांच्या फौजेतलं रिव्हॉल्व्हर. पस्तीस हजार सांगतो. पाच हजार आगाऊ पाठवले की घरपोच. खरं असन का हो?"

चित्र झकास होते. काळेभोर, तेल पाजल्यासारखे चकाकणारे. भाच्याला जुन्या वस्तूंचा भारी नाद. अडकित्ते, पितळी दिवे, निजामाच्या अमलातली नाणी असे बरेच काही त्याच्या घरी जमले आहे. त्यात आता रिव्हॉल्व्हर.

मी म्हटले, "खोटे असेल तर तुझे पैसे बुडतील. खरे असेल तर तू बुडशील."

त्याला हे पटेना. शंभर वर्षांपूर्वीच्या वस्तूला कसला परवाना, असे त्याचे म्हणणे. हा गैरसमज आपल्याकडे पुष्कळांचा आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्यात जुन्या, कालबाह्य शस्त्रांना सूट आहे खरी, पण ते शस्त्र दुरुस्त करूनही चालण्याजोगे नसेल तरच. घोडा दाबला की बार उडतो ते शस्त्रच, मग ते पणजोबांच्या वयाचे का असेना. शिवाय इंग्रजी फौजेतले वेब्ली रिव्हॉल्व्हर पॉइंट ४५५ बोअरचे. लष्करी काडतूस घेणारी असली शस्त्रे 'प्रोहिबिटेड बोअर' मध्ये मोडतात, म्हणजे सामान्य माणसाला त्यांचा परवानाही सहसा मिळत नाही. आणि रीतसर शस्त्र म्हटले की त्याचा क्रमांक परवान्यावर चढलेला असतो, विकणारा परवानाधारक असतो. कुरिअरने घरपोच येणारी ही वस्तू नव्हे. विकणाऱ्याकडे कागद नाही, एवढ्यावरच खरे-खोटे करण्याचे काम संपायला हवे.

तरी भाच्याचे समाधान व्हावे म्हणून आम्ही ते चित्र मोठे करून पाहिले. बर्मिंगहॅमच्या वेब्ली कारखान्याचे रिव्हॉल्व्हर इंग्रजी फौजेने १८८७ मध्ये स्वीकारले. त्याचा सहावा नमुना १९१५ चा, पहिल्या महायुद्धातला. अस्सल नगावर सरकारी मालकीची बाणाची खूण असते आणि नळी दारूचा दाब सोसते की नाही हे तपासल्याचे मुकुटाचे बारीक ठसे असतात. सांगाड्यावरचा आणि गोळ्यांच्या फिरत्या चक्रावरचा क्रमांक एकच असावा लागतो. तो जुळला नाही तर दोन मोडक्या नगांचा एक केलेला, असे समजावे. सरहद्दीपलीकडच्या दर्रा आदमखेल गावात लोहारांच्या पिढ्यान्‌पिढ्या या वेब्लीच्या नकला करीत आल्या. हात असा की थक्क व्हावे, पण इंग्रजी वाचता येत नसल्याने एखादे अक्षर उलटे उमटलेले. आमच्या चित्रातल्या रिव्हॉल्व्हरवर ठसे होते, पण पुसट, कडा गोलावलेल्या. वरचा रंग मात्र कालचा. शंभर वर्षांची झीज आणि कालची चकाकी एका अंगावर नांदत नाहीत. कोणीतरी ते घासून पुन्हा काळे केले होते.

क्रमांकाचे महत्त्व काय, ते भगतसिंगांच्या पिस्तुलावरून कळते. १९२८ च्या डिसेंबरात लाहोरला साँडर्सवर चाललेले ते कोल्ट पिस्तूल. त्या कटातले राजगुरू आमच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात व्यायाम शिकून गेले, हे अमरावतीकर अभिमानाने सांगतात. ते पिस्तूल पंजाबातल्या फिल्लौरहून १९६९ मध्ये इंदूरला सीमा सुरक्षा दलाच्या शस्त्रसंग्रहात गेले आणि इतर शस्त्रांत मिसळून वर्षानुवर्षे पडून राहिले. २०१६ च्या सुमारास शोध घेतला तेव्हा काळ्या रंगाचे थर खरवडावे लागले. खाली क्रमांक निघाला, १६८८९६, आणि तोच खटल्याच्या कागदांत होता. कागद नसता तर ते एक जुने पिस्तूल, एवढेच.

शस्त्र दूरवरून विकत घ्यायचेच तर कसे, याचा दाखला २०२५ मध्ये घडला. लंडनच्या सदबीज्‌च्या लिलावात पहिल्या रघुजी भोसल्यांची तलवार निघाली. वऱ्हाडात निजामाबरोबर दुहेरी अंमल चालवणारे ते हेच नागपूरकर भोसले. एप्रिलमध्ये राज्य सरकारने मध्यस्थामार्फत ती घेतली, विमा-वाहतुकीसह ४७ लाख १५ हजार रुपये मोजले आणि ऑगस्टमध्ये ती मुंबईत आली. गंमत अशी की तिचे पाते युरोपातले, मूठ इकडची. कोणी म्हणेल ही भेसळच. पण त्या काळी परदेशी पात्याला आपली मूठ बसवण्याची चालच होती, तिलाच 'फिरंग' म्हणत. म्हणजे तिचे अस्सलपण त्या जोडातच आहे. आणि मुख्य म्हणजे पात्याच्या पाठीवर सोन्याच्या पाण्याने देवनागरीत रघुजींचे नाव, सेनासाहेबसुभा हा किताब आणि 'फिरंग' हा शब्दही आहे. याउलट २०२४ मध्ये साताऱ्याला पाहायला आणलेल्या वाघनखांबद्दल, ती शिवरायांनीच वापरली याचा पुरावा नाही, हे ती ठेवणाऱ्या लंडनच्या संग्रहालयानेच सांगितले होते. मला ते प्रामाणिकपण आवडले. इतक्या मोठ्या संस्थेला 'ठाऊक नाही' म्हणायला लाज वाटत नाही. मोबाईलवरच्या विक्रेत्याला मात्र सगळे ठाऊक असते.

रघुजींच्या तलवारीची छायाचित्रे वर्तमानपत्रांत पाहिली त्या दिवशी मला नीट जेवण गेले नाही. अचलपूरच्या आमच्या घरी एक तलवार होती. गाविलगड १८०३ च्या डिसेंबरात इंग्रजांनी घेतला, त्या धामधुमीतली ती, असे आजोबा सांगत. कागद अर्थातच काही नाही. दसऱ्याला तिची पूजा होई. वडील गेल्यावर पहिल्या दसऱ्याला, गंजलेले शस्त्र पूजेत कसे ठेवायचे म्हणून, मी ती एका वर्कशॉपमध्ये नेऊन मशीनवर घासून आणली. आरशासारखी झाली. आईने हातात घेतली आणि म्हणाली, "अरे, मुठीजवळ काहीतरी लिहिलेलं होतं ना?"

घासणाऱ्याची चूक म्हणता येत नाही. मीच त्याला म्हटले होते, डाग राहू देऊ नको.

हे मी भाच्याला प्रथमच सांगितले. तो काही बोलला नाही. विक्रेत्याला त्याने एवढेच लिहिले की क्रमांक आणि परवान्याचा कागद पाठवा. दहा मिनिटांत ती जाहिरातच दिसेनाशी झाली. मग म्हणाला, "मामाजी, आपली तलवार काढा बरं."

माळ्यावरून काढून दिली. खिडकीपाशी नेऊन उन्हात तिरपी धरून तो बराच वेळ पाहत राहिला. मी त्याला भिंग आणून दिले.

"एक काना दिसते," तो म्हणाला. "बाकी सपाट आहे."