भाडं थकवणाऱ्यांना आणि कुलूप बदलणाऱ्यांना

औंढे, लोणावळा आणि आसपासच्या भाडेकरूंनो, "सीझन लागला की देतो" हे आता पुरे. पावसाळ्यात गर्दी उसळते, गल्ला भरतो, आणि दिवाळीला गाळेमालक पुन्हा हात हलवत परत जातो. या महिनाअखेर थकबाकी लेखी मिटवा. नाहीतर पुढची गाठ वडगाव मावळच्या कोर्टात पडेल.

आधी आपली जागा कोणत्या कायद्याखाली येते ते पाहा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ हा त्याच्या अनुसूचींतल्या क्षेत्रांनाच लागू आहे. त्याबाहेर १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा चालतो आणि तिथे भाडेकरूला संरक्षण फारच तोकडं.

भाडे नियंत्रणाखाली मालकाची लेखी मागणी मिळाल्यापासून ९० दिवस मिळतात. दावा लागलाच, तर समन्स बजावल्यापासून आणखी ९० दिवस. त्यात थकलेलं भाडं, १५ टक्के सरळव्याज आणि दाव्याचा खर्च भरायचा, आणि निकाल लागेपर्यंत भाडं वेळच्या वेळी भरत राहायचं. वर्षभर अडकवलेल्या ६०,००० रुपयांवर नुसतं व्याजच ९,००० होतं. ही मुदत दवडलीत, तर ताबा जाईल.

पोस्टमन दिसताच दार लावून घेणारे शहाणेही आहेत. पाकिटावर "घेण्यास नकार" असा शेरा पडला, की पत्ता बरोबर असल्यास नोटीस मिळाली असंच कोर्ट धरून चालतं.

मालकांनो, तुम्हीही हुरळू नका. वीज तोडाल, नळ बंद कराल, रात्रीत कुलूप बदलाल, तर थकबाकीदार फिर्यादी होईल आणि आरोपीच्या जागी तुम्ही उभे राहाल. तोंडी व्यवहाराचा सोसही आता सोडा. भाडे नियंत्रण कायद्यात करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, ती जबाबदारी मालकाची. नोंदणी नसेल, तर उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरू सांगेल त्याच अटी खऱ्या. भिडेखातर गप्प बसणाऱ्यांनी हेही ऐकून ठेवा: तीन वर्षांहून जुनं भाडं मुदतबाह्य होतं.

पावत्या, करार, पासबुक घेऊन याच आठवड्यात समोरासमोर बसा. वकील परवडत नसेल, तर तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करा.