धोका द्रावणाचा, फसवणूक बाटलीची

मुंबई महानगरपालिकेच्या शिक्षण विभागाचा अर्थसंकल्प ३ फेब्रुवारी २०२१ रोजी सादर होत असताना एका वरिष्ठ अधिकाऱ्यांनी पाण्याची बाटली समजून सॅनिटायझरची बाटली तोंडाला लावली. चूक तत्काळ लक्षात आल्याने अनर्थ टळला. मात्र जिथे जाणत्या माणसाची अशी फसगत होते, तिथे दोन वर्षांच्या बालकाकडून सावधगिरीची अपेक्षा कशी करणार?

रंगाचे व तेलकट डाग काढण्यासाठी लागणारे थिनर, टर्पेंटाइन किंवा रॉकेल सुटे आणून पाण्याच्या अथवा शीतपेयाच्या रिकाम्या बाटलीत ठेवण्याची सवय आपल्याकडे जुनी आहे. २०१६ मध्ये सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेनंतर अनेक स्वयंपाकघरांतून रॉकेल मागे पडले. बाटलीची सवय मात्र सुटलेली नाही.

या द्रावणांचा मुख्य धोका पोटापेक्षा फुप्फुसांना अधिक असतो. ती अत्यंत पातळ असल्याने गिळताना किंवा उलटी होताना सहज श्वासनलिकेत उतरतात आणि फुप्फुसांचा गंभीर दाह निर्माण करतात. म्हणूनच मिठाचे पाणी पाजून किंवा घशात बोट घालून उलटी करविण्याचा घरगुती उपाय जीवघेणा ठरू शकतो. खोकला, धाप ही लक्षणे काही तासांनंतरही दिसू शकतात. त्यामुळे मूल वरकरणी ठीक दिसत असले तरी त्याला, मूळ डबा किंवा बाटलीसह, त्वरित रुग्णालयात नेणे आवश्यक आहे.

अमेरिकेने १९७० मध्ये कायदा करून अशा घातक घरगुती उत्पादनांना मुलांना सहजी उघडता न येणारी झाकणे सक्तीची केली. त्यानंतर तेथील बालमृत्यूंमध्ये लक्षणीय घट झाली. असे नियम आवश्यकच आहेत. परंतु द्रावण दुसऱ्या बाटलीत ओतले की झाकण, नाव आणि सूचना हे तिन्ही संरक्षक उपाय एकाच वेळी निकामी होतात. सुट्या विक्रीवर नियंत्रण आल्याखेरीज केवळ वेष्टनाचे नियम अपुरेच ठरतील.

दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील राष्ट्रीय विष माहिती केंद्र १९९५ पासून कार्यरत आहे. १८०० ११६ ११७ हा त्याचा निःशुल्क दूरध्वनी क्रमांक प्रत्येक घरात लिहून ठेवावा. त्याहून सोपा उपाय आपल्याच हाती आहे: पिण्याच्या बाटलीत पिण्याखेरीज दुसरे काहीही भरू नये.